हिवाळ्यातली जागल : अंगावर काय घालावे?



हरभऱ्याला घाटे धरले, गहू पोटरीत आला, की वऱ्हाडात जागल सुरू होते. रानडुकरं आणि रोही रात्रीच वावरात शिरतात. ओलिताची पाळीही पुष्कळदा रात्रीचीच येते. म्हणजे ऐन थंडीत माणूस बाहेर. अकोला-अमरावतीकडे डिसेंबर-जानेवारीत काही रात्री पारा १० अंशांच्या खाली उतरतो. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णाकाठच्या दाट वस्तीत, भिंती दिवसाची ऊब धरून ठेवतात. घरून निघताना थंडी वाटत नाही, पण उघड्या वावरात ती अंगावर येते. नाल्याकाठच्या सखल जमिनीत गारठा आणखी जास्त, कारण थंड हवा जड असते आणि खाली साचते. पहाटे दिवस उगवायच्या सुमारास तो सर्वांत कडक असतो.

थंडी कशी बाधते?

कपडा ऊब तयार करत नाही. ऊब आपल्या अंगाची असते. कपडा फक्त तिला अडवून धरतो. वारा, ओल, गार जमीन आणि एका जागी बसणे, या चार गोष्टी ती ऊब पळवतात. जागलीत या चारही एकत्र येतात.

थंड मुलखात धनुष्यबाणाने शिकार करणारे लोक झाडावरच्या मचाणावर तासन्‌तास न हलता बसतात. त्यांचा नियम असा : चालताना कमी कपडे, बसल्यावर जास्त. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे परवानगीशिवाय शिकार हा गुन्हा आहे. आपल्याला फक्त राखण करायची आहे. पण बसणे तसेच, म्हणून नियमही तोच घ्यावा. सगळे अंगावर घालून भरभर चालत गेलात तर घाम येतो, आणि तोच घाम मध्यरात्री अंग गार करतो.

कपडे कसे घालावे?

१) एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे बरे. त्यांच्यामधली हवा ऊब धरते.

२) आत सुती बनियन चालेल, पण कोरडी हवी. सुती कपडा ओला झाला की अंगाला चिकटतो आणि लवकर वाळत नाही. एक कोरडी बनियन पिशवीत न्यावी आणि माळ्यावर पोचल्यावर बदलावी.

३) त्यावर लोकरी स्वेटर आणि वरून घोंगडी. लोकर थोडी ओलसर झाली तरी ऊब देते. दव आणि वारा अडवायला घोंगडीवरून प्लास्टिकचा कागद घ्यावा. मात्र तोंड झाकू नये.

४) कानटोपी, मफलर आणि पायमोजे विसरू नये. मोजे घट्ट नसावेत. रक्त फिरले नाही तर पाय बधिर होतात. पाणी देताना गमबूट घालावेत आणि काम झाल्यावर मोजे बदलावेत.

५) नुसत्या जमिनीवर बसू नये. तुराट्या किंवा कोरडे कुटार पसरून त्यावर पोते टाकावे.

या चुका टाळा

दारू प्याल्याने गरम वाटते, पण कातडीकडे रक्त जास्त जाऊन आतली ऊब उलट बाहेर पडते. बंद खोपडीत शेकोटी किंवा शेगडी ठेवून झोपू नये. तिच्या धुरातला विषारी वायू वासाने कळत नाही आणि झोपेतच जीव घेतो. शेकोटी बाहेर, कुटारापासून दूर असावी.

धोका कसा ओळखावा?

हुडहुडी थांबत नाही, बोबडी वळते, हातातली बॅटरी सुटते, माणूस गुंगल्यासारखा होतो, ही चांगली लक्षणे नाहीत. आंग गारच असून हुडहुडी आपोआप थांबली, तर धोका वाढला असे समजावे. ओले कपडे काढून त्याला कोरड्यात गुंडाळावे. शुद्धीत असेल तर गोड, गरम चहा द्यावा. हातपाय चोळू नयेत. तातडीने दवाखान्यात न्यावे.

म्हातारी माणसे, दमेकरी आणि हृदयाचा त्रास असलेल्यांना जागलीला पाठवू नये. शेजारच्या वावरवाल्याशी पाळी लावावी आणि रात्रीतून दोन-तीनदा एकमेकांना हाक द्यावी.

निघण्यापूर्वी पिशवी पाहा : कोरडी बनियन, जादा मोजे, कानटोपी, भाकर, गूळ, पाणी, बॅटरी. एवढे असेल तरच वावराची वाट धरा.