घरातली बंदूक आणि आपली लेकरं



खंडेनवमीला आपल्याकडं शस्त्रांची पूजा होते. विळा, कोयता, कुऱ्हाड पाटावर मांडतो. ज्या घरात शेतीसंरक्षणाचा परवाना आहे, तिथं बंदूकही पुसून पाटावर येते. आपण हळदकुंकू वाहतो आणि पोरं भोवती बसून बघतात. एरवी ती बंदूक कुठं असते, तेही पोरांना बरोबर ठाऊक असतं. आज त्याबद्दलच बोलू या.

भात तयार व्हायला लागलं की रानडुकरं शेतात उतरतात. एका रात्रीत वर्षाची मेहनत जाते. म्हणून डोंगराकडच्या काही घरांत राखणीची बंदूक असते, ठासणीची नाहीतर बारा बोअरची. ठासणीच्या बंदुकीचा धोका जास्त. तिच्यात नळीच्या तोंडातून दारू आणि छरे ठासून भरतात. एकदा भरली की रिकामी करणं सोपं नाही, म्हणून ती तशीच भरलेली भिंतीला टेकवून राहते. भरलेली आहे की रिकामी, हे बघून कळत नाही. म्हणून घरात एकच नियम हवा: प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं.

आपल्याला वाटतं, पोराला दम दिलाय, आता ते हात लावणार नाही. यावर अमेरिकेत एक अभ्यास झाला, तो 2001 मध्ये छापून आला. आठ ते बारा वर्षांच्या 64 मुलांना दोघातिघांच्या गटानं एका खोलीत सोडलं. तिथल्या खणात खरं पिस्तूल लपवलं होतं, अर्थात गोळी नसलेलं. 29 गटांपैकी 21 गटांना ते सापडलं. 16 गटांतल्या मुलांनी ते हाताळलं आणि 10 गटांत कुणीतरी चाप ओढला. यातल्या बहुतेक मुलांना बंदुकीबद्दल आधी समजावून सांगितलेलं होतं.

ही पोरं काही वाईट नव्हती. पोरांचा स्वभावच तसा. म्हणून कुलूप आधी आणि शिकवण नंतर. फवारणीचं औषध आपण पोरांच्या हाती लागणार नाही असं ठेवतो, नुसतं 'पिऊ नको' सांगून थांबत नाही. बंदुकीचंही तसंच. बंदूक रिकामी करून कुलपात. काडतुसं, दारू, केपा दुसऱ्या कुलपात. किल्ली परवानेवाल्याच्या अंगावर, देव्हाऱ्यामागं किंवा फडताळात नाही.

पण बंदूक सासऱ्यांची, परवाना त्यांच्या नावचा. सुनेनं बोलायचं कसं? आम्ही म्हणतो, नातवाच्या नावानं बोला. "आबा, बाळ्याचा हात आता माळ्यापर्यंत पोचतो. बंदुकीला कुलूप लावू या." याला कुणी उलट बोलत नाही. आणि कायदाही तुमच्या बाजूनं आहे. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे नवा परवाना मागणाऱ्याला बंदूक सुरक्षित ठेवण्याची हमी लिहून द्यावी लागते. सुट्टीत पोरं मामाच्या गावाला निघाली, तर भावालाही फोनवर विचारा, "दादा, बंदूक कुलपात आहे ना?"

आता पोरांना काय शिकवायचं? तीनच गोष्टी. बंदूक दिसली तर हात लावायचा नाही. तिथं थांबायचं नाही. लगेच मोठ्या माणसाला सांगायचं. सोबतचा मित्र हात लावत असेल, तरी आपण तिथून निघायचं. हे तोंडी सांगून भागत नाही, करून घ्या. "समज, गोठ्यात बंदूक दिसली, काय करशील?" असं विचारा आणि त्याला तिथून चालत तुमच्यापर्यंत येऊ द्या. सांगायला आलेल्या पोराला रागावू नका. एकदा मार बसला की पुढच्या वेळी ते सांगणार नाही.

रानात पडलेल्या वस्तूंनाही हाच नियम. डुकरांसाठी काही जण पिठाच्या गोळ्यात गावठी बॉम्ब लपवून ठेवतात. तो गुन्हा आहे. गुरं, कुत्री आणि माणसंही त्यानं जखमी होतात. असा गोळा दिसला तर लांब राहायचं आणि 112 ला फोन करायचा.

मोठ्या मुलांशी वेगळं बोलावं लागतं. जमिनीचा पैसा आला, मोबाईल आला, आणि कट्टा हातात घेऊन फोटो टाकणं काहींना मर्दुमकी वाटू लागलं. त्यांना स्पष्ट सांगा: 1959 च्या शस्त्र कायद्यानं 21 वर्षं पूर्ण होण्याआधी बंदूक बाळगता येत नाही. विनापरवाना कट्टा सापडला तर कमीत कमी दोन वर्षं तुरुंग आहे. नेमबाजीची खरंच आवड असेल, तर वाट आपल्या जवळच आहे. म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडा संकुलात नेमबाजीची रेंज आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 मध्ये जागतिक विजेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेनं 2024 मध्ये पॅरिसला ऑलिंपिकचं कांस्यपदक घेतलं. तिथं पहिला धडा शिस्तीचा असतो: नळी कधीही माणसाकडं नाही, आणि नेम धरेपर्यंत बोट चापावर नाही.

तर मैत्रिणींनो, गटाच्या येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं हा विषय काढा. कुणाच्या घरी बंदूक आहे आणि किल्ली कुणाकडं असते, एवढंच विचारा. ज्या घरात कुलूप नाही, तिथं दोघीतिघींनी मिळून जाऊन बोला. एकटीपेक्षा ते सोपं जातं.