मिठासोबत आत जाणारी साखर

१९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली. बांगलादेश मुक्तिसंग्रामात जीव वाचवून आलेली माणसं जुलाबांनी कोरडी पडत होती आणि सलाइनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून ते रुग्णांना पाजायला सुरुवात केली. पाजण्याचं काम नातेवाइकांनीच केलं. मृत्युदर सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आला. जंतू मारणारं त्या पाण्यात काहीच नव्हतं.

किमया होती ती लहान आतड्याच्या अस्तरात. घरातली साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. ती अखंड असेपर्यंत रक्तात शिरू शकत नाही. आतड्याच्या पेशींवरचं सुक्रेज हे विकर ती तोडतं. फ्रुक्टोज स्वतंत्र वाटेने आत जातं. ग्लुकोजला आत नेणाऱ्या वाहक प्रथिनाची मात्र एक अट असते: ग्लुकोजच्या एका रेणूबरोबर सोडियमचे दोन आयन हवेत. पेशीच्या मागच्या बाजूचे पंप सोडियम सतत बाहेर उपसत असल्याने पेशीत त्याची कायम टंचाई असते. त्या ओढीने मिठातलं सोडियम आत येतं, सोबत ग्लुकोजला आणतं आणि दोघांच्या मागोमाग पाणी येतं. या जोडवाहतुकीची कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्रागमध्ये मांडली होती.

पटकीचं विष आतड्याला क्लोराइड आणि पाणी बाहेर टाकायला लावतं, पण या वाहकाला हात लावत नाही. म्हणून नुसतं पाणी वाहून जातं आणि साखर-मिठाचं पाणी अंगी लागतं. शरीराने इतक्या बिकट वेळेसाठी ही एक वाट शाबूत ठेवावी, याचं मला फार अप्रूप वाटतं.

घरी हे पाणी करताना प्रमाण मात्र कसोशीने पाळायला हवं. एक लिटर स्वच्छ पाण्याला सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मायेने साखर वाढवली, तर न शोषलेली साखर उलट शरीरातलंच पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात. कोल्ड्रिंक किंवा गोडमिट्ट सरबत अशा वेळी देऊ नये ते यासाठीच. मीठ जास्त झालं, तर लहान मुलाच्या रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीला पोचू शकतं. जलसंजीवनीच्या (ओआरएस) तयार पाकिटात हे सगळं मोजलेलं असतं. तेवढं पाकीट अर्धवट न वापरता, त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात पूर्ण रिकामं करायचं.