सहलीचा बेत : उनकेश्वर की गायमुख?

काही सभासद बंधूंनी गरम पाण्याच्या कुंडांची सहल सुचविली. पण उनकेश्वर पडले नांदेड जिल्ह्यात, किनवटकडे. भंडाऱ्याहून एका दिवसात जाऊन येणे व्हायचे नाही. म्हणून आम्ही तुमसर तालुक्यातले गायमुख धरले. डोंगरातले पाणी गार, तेवढी तडजोड करावी! वाटेत आंबागडचा किल्ला.

महाशिवरात्रीला तेथे यात्रा असते, पण दिवस ऐन तोडणीचे. तोडलेला ऊस चोवीस तासांत गव्हाणीत पडला नाही तर वजन अन् उतारा दोन्ही घटतात. मागे आम्हीच यात्रेला गेलो आणि एका सभासदाच्या मोळ्या दोन दिवस बांधावर वाळल्या, बोलणी खाल्ली. तेव्हा ज्यांची तोडणीची चिठ्ठी असेल त्यांनी घरच्यांना पाठवावे, स्वतः फडात थांबावे. बाकीच्यांनी शिदोरी बांधून पहाटेच निघावे.