करसल्लागाराकडून आपली माहिती फुटली तर?

आपल्या घरातले किती कागद परक्याच्या कपाटात पडून आहेत, याचा हिशेब आपण कधी मांडला आहे काय? जून-जुलै उजाडला की डेपोतले कंडक्टर, महापालिकेचे सफाई कामगार, रेल्वेतले फिटर, शाळेतल्या बाई, सारे आयकराचे विवरणपत्र भरायला एखाद्या करसल्लागाराचे ऑफिस गाठतात. पुष्कळदा डेपोतलाच कोणी उत्साही सहकारी पंचवीस-तीस जणांचे कागद गोळा करतो आणि एका पिशवीतून नेऊन देतो. त्या पिशवीत काय नसते? पॅन, आधार, पासबुकाची झेरॉक्स, आपण ज्याला फॉर्म सोळा म्हणतो तो पगाराचा दाखला, घरकर्जाचा उतारा, विम्याच्या पावत्या. शिवाय आयकराच्या पोर्टलचा पासवर्ड. तोही सल्लागारानेच ठरवलेला, आणि कित्येक ठिकाणी सर्व ग्राहकांना एकच!

हे सारे आता संगणकात साठते. संगणकात बाहेरचा माणूस शिरला, किंवा नोकरी सोडून गेलेल्या पोराने पेनड्राइव्हवर उतरवून नेले, तर आपल्याला कळते कधी? न घेतलेल्या कर्जाच्या हप्त्यासाठी वसुलीवाल्याचा फोन येतो तेव्हा. किंवा महिना अठरा हजार मिळवणाऱ्या माणसाच्या नावावर लाखोंची उलाढाल करणारे दुकान आहे, अशी नोटीस दारावर येते तेव्हा. घरात रडारड होते, सल्लागार म्हणतो, ‘माझा काय संबंध? चोराला पकडा.’

संबंध आहे. कायद्याने आहे. पण दाद मागायचे दरवाजे निरनिराळे आहेत आणि प्रत्येक दारात निराळी वस्तू मिळते. पोलिसांकडे गुन्हेगार पकडला जाण्याची आशा असते, व्यावसायिक संस्थेकडे सल्लागाराला शिक्षा, सरकारी मंडळाकडे दंड. बुडालेले पैसे मात्र यापैकी एकाही दारात मिळत नाहीत. त्यांची दारे दोनच, आणि त्यातले एक लवकरच बंद होणार आहे. म्हणून हा लेख.

आधी पैशाचे बोलू. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० यात ‘४३-ए’ हे कलम आहे. ग्राहकाची संवेदनशील माहिती संगणकात ठेवणाऱ्या संस्थेने ती जपण्यात हलगर्जी केली आणि त्यामुळे कोणाचे नुकसान झाले, तर तिने भरपाई द्यावी, असे हे कलम सांगते. संस्था म्हणजे फक्त मोठी कंपनी नव्हे. भागीदारी फर्म आणि एकट्याच्या मालकीचे व्यावसायिक ऑफिससुद्धा या व्याख्येत येते. तेव्हा ‘मी काय, छोटा माणूस’ ही पळवाट सल्लागाराला नाही. २०११ च्या नियमांप्रमाणे पासवर्ड, बँक खात्यासारखी आर्थिक माहिती आणि बोटांच्या ठशांसारखी माहिती ही संवेदनशील मानली जाते.

या कलमाखालचा अर्ज दिवाणी कोर्टात नव्हे, तर न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे करायचा. राज्याच्या माहिती तंत्रज्ञान खात्याचे सचिव हे ते अधिकारी. पाच कोटी रुपयांपर्यंतचे दावे त्यांच्यापुढे चालतात. मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात फी भरावी लागते, हे आधी ध्यानात घ्यावे. निकाल मान्य नसेल तर ४५ दिवसांत दूरसंचार अपील न्यायाधिकरणाकडे अपील करता येते.

हा अधिकार नुसता पुस्तकातला नाही. पुण्यातील एका उद्योगाच्या खात्यातून भामट्यांनी ८० लाखांवर रक्कम पळवली, तेव्हा २०१३ साली महाराष्ट्राच्या न्यायनिर्णय अधिकाऱ्यांनी पंजाब नॅशनल बँकेला ४५ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. पैसे चोरले तिसऱ्याने, पण भामट्यांची खाती उघडताना नीट तपासणी न करणाऱ्या बँकेला जबाबदार धरले गेले. मग संपूर्ण रक्कम का नाही मिळाली? कारण फसव्या ईमेलला उत्तर देऊन तक्रारदारानेही थोडी चूक केली होती. आपला स्वतःचा निष्काळजीपणा आपल्याच भरपाईतून वजा होतो. ओटीपी सांगून बसलेल्यांनी हे विसरू नये.

आता बंद होणाऱ्या दाराविषयी. २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होणार असे जाहीर झाले. कायदा पुष्कळ चांगला आहे. माहिती फुटली तर ज्याची फुटली त्या प्रत्येकाला कळवणे बंधनकारक होईल. माहिती जपण्यात कसूर करणाऱ्याला २५० कोटींपर्यंत दंड होऊ शकेल. आकडा ऐकून छाती दडपते. पण हा दंड जातो कोणाच्या खिशात? भारत सरकारच्या तिजोरीत! ज्याच्या नावावर कर्ज निघाले त्याला त्यातला एक रुपयाही देण्याची तरतूद नाही. आणि त्याच वेळी ४३-ए हे कलम रद्द होणार आहे. म्हणजे घर आपले जळायचे आणि भरपाई सरकारने घ्यायची. हा कोणता न्याय, हे आपल्या खासदारांना विचारण्यासारखे आहे. कलम जिवंत असताना घडलेल्या घटनेचा हक्क नंतरही टिकतो, असा युक्तिवाद वकील करतील. पण ज्यांचे नुकसान आजच झाले आहे, त्यांनी त्या वादाची वाट पाहण्यापेक्षा आजच अर्ज करावा.

पैशाचे दुसरे दार जिल्हा ग्राहक आयोगाचे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे विश्वासाने दिलेली ग्राहकाची वैयक्तिक माहिती दुसऱ्याला देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि कामातला निष्काळजीपणा ही सेवेतील त्रुटी. आपण राहतो किंवा काम करतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. मोबदला पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही, आणि सल्लागाराची फी तर चारपाचशे ते दोनचार हजार. वकील लावलाच पाहिजे असे नाही. मुदत दोन वर्षांची. मानसिक त्रासाची भरपाईही इथे मागता येते. मात्र फी दिल्याचा पुरावा हवा. ‘पाचशे रुपये हातात टेकवले, पावती कसली मागायची,’ ही आपली भीड इथे नडते. फोनवरून पैसे पाठवले असतील तर ती नोंदही चालेल.

एक सावधगिरीची गोष्ट. वकिलांची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये दिला आहे. समोरचा सी.ए. त्याचा आधार घेऊ पाहील. तो निकाल वकिलांपुरता आहे, हे आपल्या बाजूने ठामपणे मांडावे.

एकाच ऑफिसातून तीस जणांची माहिती फुटली असेल तर तीस जणांनी तीस चपला झिजवू नयेत. सारख्या हिताच्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. एकट्याचा आवाज टेबलाखाली दबतो, पंचवीस जणांचा दबत नाही. युनियनच्या मंडळींनी यात पुढाकार घ्यायला हरकत नाही.

बाकीच्या दारांविषयी थोडक्यात. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन करावा. बँकेला तीन कामकाजाच्या दिवसांच्या आत लेखी कळवून पोच घ्यावी. ही तीन दिवसांची मर्यादा रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ च्या परिपत्रकात घातली होती. दुसऱ्याची ओळख चोरून वापरणे हा ‘६६-सी’ कलमाचा गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. ऑफिसातल्याच कोणी जाणूनबुजून माहिती विकली असेल तर ‘७२-ए’ कलम लावण्याचा आग्रह धरावा. सल्लागार खरोखर सी.ए. असेल तर त्यांच्या संस्थेच्या शिस्तपालन विभागाकडे तक्रार जाते. ग्राहकाची माहिती त्याच्या संमतीवाचून उघड करणे आणि कामात घोर निष्काळजीपणा करणे, ही दोन्ही १९४९ च्या सी.ए. कायद्याप्रमाणे गैरवर्तने आहेत आणि त्यासाठी यादीतून नाव निघू शकते. परंतु पाटीवर ‘टॅक्स कन्सल्टंट’ लिहिणारा प्रत्येक जण सी.ए. नसतो. तसे असेल तर त्या संस्थेचा त्याच्यावर काही अधिकार चालत नाही.

दार कोणतेही ठोठावा, आधी सल्लागाराला स्पीड पोस्टाने पत्र धाडा. माझे कोणते कागद तुमच्याकडे होते, काय फुटले, केव्हा कळले, आणि सरकारच्या सर्ट-इन या यंत्रणेला कळवले का? एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे अशी घटना समजल्यापासून सहा तासांत तिथे कळवणे सक्तीचे आहे. पत्राला उत्तर आले तर पुरावा, न आले तरी पुरावाच. त्याच दिवशी आयकर पोर्टलचा पासवर्ड बदला आणि परताव्यासाठी कोणते बँक खाते नोंदले आहे ते पाहा. आधारचे ठसे कुलूपबंद करा. सिबिलसारख्या संस्थेकडून कर्जाचा अहवाल मागवा, वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. जीएसटीच्या संकेतस्थळावर आपला पॅन टाकून आपल्या नावावर कोणी धंदा नोंदवला आहे का तेही कळते. प्रत्येक गोष्टीची छापील प्रत फाइलला लावा.

वकिलाचा खर्च कसा करायचा, असे घरोघरी विचारले जाईल. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे अनुसूचित जातीची व्यक्ती, कोणतीही स्त्री आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला असल्याने आपल्यापैकी बहुतेकांना हा हक्क आहे. अर्धन्यायिक अधिकाऱ्यापुढच्या कामासाठीही ही मदत मागता येते. जिल्हा न्यायालयाच्या आवारात प्राधिकरणाचे कार्यालय असते, फोन क्रमांक १५१००. जाताना जातीचा दाखला, आधार आणि सल्लागाराला पाठवलेल्या पत्राची पोच सोबत न्यावी.