पडले किती, पाहिले किती?

आकाशातून दगड पडतात, हे आज शाळेतले मूलही सांगेल. पण ते वर्षाकाठी किती पडतात, आणि त्यांपैकी किती माणसाच्या डोळ्यांदेखत पडून हाती लागतात, हे दोन निराळे प्रश्न आहेत. त्यांच्या उत्तरांत जे प्रचंड अंतर आहे, त्याचा विचार केल्यास आकाशाविषयी थोडे आणि माणसाविषयी बरेच काही कळते.

रात्री तुटताना दिसणारा तारा, म्हणजे उल्का, बहुधा वाळूच्या कणाएवढी असते व वातावरणात शिरताच जळून नाहीशी होते. क्वचित एखादा मोठा तुकडा पूर्ण न जळता भूमीवर पोचतो. त्याला उल्कापाषाण किंवा अशनी म्हणतात. शास्त्रज्ञ त्यांचे दोन वर्ग करतात: कोणी तरी पडताना पाहिलेले आणि पडल्यानंतर केव्हा तरी सापडलेले. जगाच्या नोंदवहीत आज सत्तर हजारांहून अधिक पाषाण आहेत. त्यांतील बहुसंख्य अंटार्क्टिकाच्या बर्फातून व सहारासारख्या वाळवंटांतून वेचलेले आहेत. पडताना पाहिलेले मात्र बाराशेंच्या थोडेसेच वर भरतात. सर्व ज्ञात इतिहासाची ही एवढीच शिल्लक!

जुन्या काळी असा पाषाण टिकला तो बहुतेक कोणी तरी आदराने जपला म्हणूनच. जपानमधील नोगाता येथे इ. स. ८६१ मध्ये पडल्याचे सांगितले जाणारा पाऊण शेराहून लहान दगड तेथील देवस्थानात शतकानुशतके पेटीत राहिला. युरोपात, आल्सास प्रांतातील एन्सिसहाइम गावी ७ नोव्हेंबर १४९२ रोजी मोठा आवाज होऊन गव्हाच्या शेतात सुमारे १२७ किलोचा दगड पडला. लोक त्याचे तुकडे फोडून नेऊ लागले, तेव्हा अधिकाऱ्यांनी त्यांना अडविले. पुढे मॅक्सिमिलियन राजाच्या आज्ञेने तो गावच्या चर्चमध्ये ठेवण्यात आला. त्याचा मोठा भाग आजही त्या गावात पाहावयास मिळतो.

अठराव्या शतकात विद्येचा प्रकाश वाढला, पण या बाबतीत विद्वानांनीच डोळे मिटून घेतले. १३ सप्टेंबर १७६८ रोजी फ्रान्समधील ल्यूसे येथे शेतात काम करणाऱ्या लोकांनी दगड पडताना पाहिला. बाशले नावाच्या धर्मगुरूंनी त्याचा तुकडा पॅरिसच्या विज्ञान अकादमीकडे पाठविला. थोर रसायनज्ञ लाव्हाझिए ज्या समितीत होता, तिने निर्णय दिला की, हा भूमीवरचाच दगड असून त्यावर वीज पडली असावी. १७९० साली बार्बोतां येथे पाषाणवृष्टी झाली. गावच्या प्रमुखाने शेकडो साक्षीदारांच्या आधारे लेखी दाखला पाठविला. विद्वानांनी त्याची थट्टा केली. शेतकऱ्याने पाहिले ते पंडिताला पटेना, म्हणून अनेक ठिकाणी जपून ठेवलेले दगडसुद्धा फेकून देण्यात आले.

सर्वांनीच अशी पाठ फिरविली नाही. इटलीत १७६६ साली आल्बारेतो येथे दगड पडला, तेव्हा येशूसंघीय धर्मगुरू दोमेनिको त्रोयली यांनी प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या हकिगती गोळा करून त्याच वर्षी पुस्तक छापले. दगड भूगर्भातून उडाला असावा हा त्यांचा तर्क चुकला. पण तो वरून पडला, ही साक्ष त्यांनी खरी मानली व लिहून ठेवली. १७९४ साली सिएना येथील पाषाणवृष्टीविषयी मठाधिपती सोल्दानी यांनीही असाच ग्रंथ लिहिला. त्याच वर्षी जर्मनीत ख्लाड्नी याने जुन्या-नव्या हकिगती एकत्र ताडून पाहिल्या आणि हे दगड पृथ्वीबाहेरून येतात असे प्रतिपादन केले. हा गृहस्थ कायदा शिकलेला होता. निरनिराळ्या देशांतील, निरनिराळ्या काळांतील, एकमेकांना न ओळखणारी माणसे एकच गोष्ट सांगत असतील, तर ती साक्ष खोटी कशी म्हणावी, हा त्याचा विचार होता.

या वादाचा निकाल लागण्यात आपल्या देशाचाही वाटा आहे. डिसेंबर १७९८ मध्ये काशीजवळ अनेक दगड पडले. एडवर्ड हॉवर्ड या इंग्रज रसायनज्ञाने १८०२ साली काशी, सिएना व इंग्लंडमधील वोल्ड कॉटेज येथील पाषाणांचे पृथक्करण केले. इतक्या दूरदूरच्या ठिकाणचे हे दगड एकमेकांशी जुळणारे निघाले आणि त्यांच्यातील लोखंडात निकेल हा धातू आढळला. पुढच्याच वर्षी, २६ एप्रिल १८०३ रोजी, नॉर्मंडीतील लेग्ल येथे सुमारे तीन हजार दगडांचा वर्षाव झाला. सरकारने पाठविलेल्या तरुण बियो याने गावोगाव फिरून सर्व थरांतील लोकांची जबानी घेतली आणि अहवाल लिहिला. त्यानंतर शंकेला जागा उरली नाही.

येथून पुढे नोंदवहीतील आकडे वाढू लागतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून आजवरचा हिशेब केला, तर जगभर वर्षाला सरासरी पाच-सहा पतने नोंदली गेली आहेत. ही सरासरी सर्व काळ सारखी नाही. १९३० नंतरच्या दशकात ती चढलेली दिसते, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उतरते. आकाशाला युद्धाची काय खबर? दगड पूर्वीइतकेच पडत होते. पाहणारे, विचारणारे आणि लिहून ठेवणारे मात्र दुसऱ्याच विवंचनेत होते.

मग खरोखर पडतात तरी किती? कॅनडात १९७४ ते १९८५ या काळात आकाशावर रोखलेल्या छायाचित्रयंत्रांच्या साहाय्याने गणित मांडण्यात आले. त्यानुसार दर दहा लक्ष चौरस किलोमीटर क्षेत्रावर एक किलोहून अधिक वजनाचे पाषाण वर्षाला आठ-नऊ वेळा पडतात. हे प्रमाण भारताला लावले, तर आपल्या देशात वर्षाला पंचवीसहून अधिक पतने झाली पाहिजेत. आपली नोंद मात्र वर्षाला सरासरी एकही भरत नाही. अंटार्क्टिकातील शोधांवर आधारलेल्या २०२० सालच्या अभ्यासात, पन्नास ग्रॅमहून जड पाषाणांची साऱ्या पृथ्वीवरील वार्षिक पतने सुमारे १७,००० असावीत, असा अंदाज निघाला.

उरलेले जातात कोठे? पृथ्वीचा सत्तर टक्क्यांहून अधिक भाग पाण्याखाली आहे. जमिनीवरही अरण्ये, पर्वत आणि ओसाड प्रदेश पुष्कळ. शिवाय माणूस मध्यरात्रीनंतर झोपलेला असतो. त्यामुळे नोंदलेली बहुतेक पतने दिवसाची किंवा संध्याकाळची असतात. जेथे वस्ती दाट आणि लोक दिवसभर उघड्या शिवारात, तेथे नोंद अधिक. भारताची यादी त्यामुळेच मोठी आहे. धारवाड (१८४८), रतलामजवळचे पुल्सोरा (१८६३), नगर जिल्ह्यातील जामखेड (१८६६), नागपूरजवळचे काटोल (२०१२), ही नावे जगाच्या नोंदवहीत कायमची लागली आहेत. बिहारमधील शेरघाटी येथे १८६५ साली पडलेला दगड तर पुढे मंगळावरून आलेला ठरला, आणि त्या जातीच्या पाषाणांना त्या गावाचेच नाव मिळाले.

पाहिलेल्या पतनाचे मोल आणखी एका कारणाने मोठे आहे. शेतात सापडलेला लोखंडी पाषाण जड व वेगळा म्हणून चटकन ओळखू येतो, साधा दगडी पाषाण इतर दगडांत हरवतो. केवळ सापडलेल्यांवरून अंदाज बांधला, तर लोखंडी पाषाण पुष्कळ पडतात असा भ्रम होईल. पाहिलेल्यांत मात्र शंभरांत सुमारे पाचच लोखंडी निघतात. त्यातून, आपल्याकडील पाऊस आणि दमट हवा फार काळ थांबत नाहीत. ताज्या पाषाणातील धातू थोड्याच दिवसांत गंजू लागतो. १७ ऑगस्ट २०२२ रोजी, ऐन पावसाळ्यात, गुजरातमधील दियोदर भागात अत्यंत दुर्मिळ जातीचा पाषाण पडला. त्या जातीचे यापूर्वीचे भारतातील पतन १८५२ सालचे, बस्ती येथील. गावकऱ्यांनी तुकडे जपले नसते, तर एकशेसत्तर वर्षांनी आलेला हा पाहुणा न ओळखताच मातीत मिळाला असता.

आज यंत्रे आपल्या मदतीला आहेत. ७ एप्रिल १९५९ रोजी चेकोस्लोव्हाकियातील प्रिब्राम येथे पडलेल्या पाषाणाची वाट प्रथमच छायाचित्रांवरून मोजता आली. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्कवरील अग्निगोल असंख्य मोटारगाड्यांतील कॅमेऱ्यांनी टिपला. ऑक्टोबर २००८ मध्ये तर सुदानवर पडणारा लघुग्रह सुमारे वीस तास आधी दुर्बिणीला दिसला होता. तरीही त्याचे तुकडे हाती आले ते खार्टूम विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी रांगेने वाळवंट तुडविले तेव्हाच. गुजरातमधील धजाळा येथे २८ जानेवारी १९७६ रोजी पडलेले सुमारे पंचेचाळीस किलो पाषाणही ठिकठिकाणच्या शेतांतून असेच गोळा झाले. यंत्र वाट दाखविते. वाकून दगड उचलण्यास माणूस लागतो.

म्हणून वाचकहो, दिवसाढवळ्या आकाशात अग्निगोल दिसला, तोफेसारखा गडगडाट ऐकू आला आणि काळ्या पातळ कवचाचा जड दगड पडलेला दिसला, तर प्रथम घड्याळ पाहा. तो कोणत्या दिशेने आला हेही लिहून ठेवा. दगड फोडू नका, धुऊ नका, त्याला लोहचुंबक लावू नका. स्वच्छ कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा आणि तहसील कचेरीमार्फत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाला कळवा. कोलकात्यात त्या विभागाचा मोठा संग्रह आहे.

आणि एखादा गुराखी किंवा एखादे पोर धावत येऊन सांगू लागले की, आत्ता आभाळातून धोंडा पडला, तर त्याला हसू नका. ल्यूसेच्या शेतकऱ्यांना हसणारे मोठे पंडित होते, आणि चूक त्यांचीच होती.