पेपर अर्धवट का राहतो?

प्रत्येक वर्गात असा एक जण असतोच. व्हायव्हात धडाधड उत्तरं देतो, परीक्षेच्या आदल्या रात्री सगळ्यांना तोच टॉपिक समजावतो, पण पेपरला बसला की शेवटचे दोन प्रश्न हमखास राहतात. जर्नल पूर्ण करायला इतरांच्या दुप्पट वेळ लागतो. अक्षराला सर 'कोंबडीचे पाय' म्हणतात, घरी 'आळस, दुसरं काय!' म्हणतात. काही वर्षांनी तो स्वतःही तेच म्हणायला लागतो.

हा आळस आहे की आणखी काही, हे तपासता येतं. त्याचं नाव ऑक्युपेशनल थेरपी असेसमेंट. मराठीत या शाखेला 'व्यवसायोपचार' म्हणतात, त्यामुळे अनेकांना तिचा संबंध नोकरीधंद्याशी वाटतो. पण इथे ऑक्युपेशन म्हणजे दिवसभरात आपण जे जे करतो ते सगळं. बटणं लावणं, डब्याचं झाकण उघडणं, वहीत लिहिणं, गर्दीत बस पकडणं. लहान मुलाचं ऑक्युपेशन खेळणं, तर आपलं लेक्चर, सबमिशन आणि पेपर.

आपल्याकडे ही शाखा नवी नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० मध्ये कमला निंबकर यांनी ऑक्युपेशनल थेरपीचं देशातलं पहिलं स्कूल सुरू केलं. आज केईएमसोबत नायर, सायन आणि नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजमध्येही ही शाखा शिकवली जाते.

खेळ वाटतो, पण तपासणी असते

लहान मुलांच्या बाबतीत आधी आईबाबांशी सविस्तर बोलणं होतं, शाळेच्या वह्या बघितल्या जातात. मग मुलाला मणी ओवायला, रेषेवरून कात्री चालवायला, आकृत्या बघून काढायला, एका पायावर उभं राहायला सांगतात. मुलाला वाटतं, मस्त खेळतोय. थेरपिस्ट मात्र बघत असतात, की पेन्सिल फिरवताना बोटं हलतात की अख्खा खांदा? दुसरा हात कागद धरतो का? किती वेळाने तो कंटाळतो आणि किती वेळाने थकतो? मिक्सरच्या आवाजाने किंवा शर्टाच्या टॅगने तो बेजार होतो का, हेही विचारलं जातं.

कॉलेजच्या वयात तपासणी थोडी बदलते. हाताच्या पकडीची ताकद यंत्राने मोजतात. नऊ छोट्या खुंट्या भोकांत बसवायला आणि काढायला किती सेकंद लागतात, हे घड्याळ लावून बघतात. लिहिण्याच्या वेगासाठी तर १७ ते २५ वयोगटाची वेगळी चाचणी आहे. एक वाक्य आधी नीट लिहायचं, मग तेच भराभर लिहायचं आणि शेवटी दिलेल्या विषयावर सलग दहा मिनिटं मनाने लिहायचं.

एवढे तुकडे कशाला? कारण 'हळू लिहितो' या एकाच तक्रारीमागे वेगवेगळी कारणं असू शकतात. बघून लिहिताना वेग ठीक, पण मनाने लिहिताना गाडी अडते, तर अडचण हातात नसून शब्द जुळवण्यात किंवा स्पेलिंगमध्ये असू शकते. दोन्हीकडे वेग कमी असेल, तर हाताच्या हालचालींकडे बघावं लागतं. सुरुवात झकास आणि सातव्या मिनिटाला हात दुखतो, तर प्रश्न ताकदीचा, पकडीचा किंवा बसण्याचा. कारण वेगळं, तसा उपायही वेगळा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. यातल्या बऱ्याच चाचण्या परदेशात, इंग्रजी लिहिणाऱ्यांसाठी तयार झाल्या आहेत. आपली जोडाक्षरं, वेलांट्या आणि शिरोरेषा त्यांत नाहीत. म्हणून चांगला थेरपिस्ट नुसत्या स्कोअरवर जात नाही, तुमची रोजची वहीही मागतो.

मार्क तुम्हीच द्यायचे

एका पद्धतीत तर मार्क देणारे तुम्हीच असता. रोजच्या कामांपैकी कोणतं काम अडतं, ते किती महत्त्वाचं, सध्या किती जमतं आणि त्यावर तुम्ही किती समाधानी आहात, याला एक ते दहा गुण द्यायचे. आईला अक्षर सुधारायला हवं असेल, तुम्हाला मात्र तीन तास न दुखता लिहिता यायला हवं असेल. थेरपीचं ध्येय इथून ठरतं.

पुढचे उपाय कधी अगदी साधे असतात. जाड पकडीचं पेन, टेबल-खुर्चीची उंची, हाताचे व्यायाम, नोट्ससाठी लॅपटॉप. आणि कधी रिपोर्ट सांगतो, की विकार वगैरे काही नाही, सराव कमी पडतोय. हेही कळलेलं बरंच.

हक्काचा वेळ

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिसग्राफिया आणि डिसप्रॅक्सिया यांचा उल्लेख आहे. लिहिताना हाताचे स्नायू आखडणाऱ्या एका उमेदवाराला यूपीएससीने लेखनिक नाकारला, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्के दिव्यांगत्वाची अट लावता येणार नाही, असं न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये स्पष्ट केलं. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने ४० टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्व आणि लिहिण्यात अडचण असलेल्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत तासाला किमान २० मिनिटं जादा वेळेची तरतूद होती.

पण थेरपिस्टचा रिपोर्ट म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. ते सरकारी आरोग्य यंत्रणेकडूनच घ्यावं लागतं आणि लर्निंग डिसॅबिलिटीसाठी मानसशास्त्रज्ञांच्या चाचण्याही लागतात. त्यामुळे हॉल तिकीट हातात आल्यावर धावपळ करून उपयोग नाही. वर्षाच्या सुरुवातीलाच कॉलेजच्या ऑफिसात चौकशी करा आणि तुमच्या परीक्षेचं चालू वर्षाचं परिपत्रक वाचा.

खासगी क्लिनिकची फी परवडत नसेल, तर वर सांगितलेल्या रुग्णालयांची ओपीडी आहे. खासगीत जाणार असाल, तर थेरपिस्टची राज्य परिषदेकडे नोंदणी आहे का, हे बिनधास्त विचारा.

आणि जाताना एखाद्या मोठ्या पेपरचं किंवा प्रिलिमचं पहिलं आणि शेवटचं पान सोबत न्या. 'मी आळशी नाही' हे तोंडाने पटवत बसण्यापेक्षा ती दोन पानं शेजारी ठेवली, की बोलणं लवकर सुरू होतं.