गिटारवादनाचे चित्रीकरण : बोटे आणि सूर यांचा मेळ

ऑगस्ट १९७४ मध्ये इंग्लंडमधील शेपर्टन स्टुडिओत 'लेड झेपलिन' या रॉक संगीतसमूहाला स्वतःचीच नक्कल करावी लागली. त्यापूर्वी वर्षभर आधी, २७ ते २९ जुलै १९७३ या तीन रात्री, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झालेल्या त्यांच्या कार्यक्रमांचे चित्रीकरण करण्यात आले होते. ध्वनिमुद्रण हाती होते. परंतु चित्रफितीची जुळणी सुरू झाल्यावर तिच्यात अनेक ठिकाणी दृश्येच नसल्याचे लक्षात आले. अखेर शेपर्टनमध्ये तसाच रंगमंच उभारण्यात आला, न्यूयॉर्कचे ध्वनिमुद्रण लावण्यात आले आणि गिटारवादक जिमी पेज व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या आवाजाबरहुकूम वादन करून दाखवले. बेस गिटार वाजवणारे जॉन पॉल जोन्स यांनी मधल्या काळात केस कापल्याने त्यांना टोप घालावा लागला. १९७६ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'द साँग रिमेन्स द सेम' या चित्रपटात ही दृश्ये मूळ कार्यक्रमाच्या दृश्यांत मिसळलेली आहेत.

त्या काळी मोठ्या निर्मितीसंस्थांपुढे असलेली ही अडचण आज घरात बसून मोबाइलवर स्वतःचे वादन चित्रित करणाऱ्या विद्यार्थ्यापुढेही उभी राहते. कॅमेऱ्यातील मायक्रोफोन दूर असतो, खोलीतील प्रतिध्वनी टिपतो आणि आवाजाची पातळी आपणहून कमीजास्त करतो. चांगल्या ध्वनिमुद्रणासाठी मायक्रोफोन अकूस्टिक गिटारपासून वीत-दीड वीत अंतरावर, तर इलेक्ट्रिक गिटारच्या बाबतीत थेट अॅम्प्लिफायरच्या जाळीजवळ ठेवावा लागतो. अशा वेळी तो नेमका दृश्याच्या आड येतो. म्हणून आवाज एकीकडे आणि चित्र दुसरीकडे, अशी विभागणी होते व नंतर दोहोंचे लग्न लावावे लागते.

हे लग्न किती अचूक असावे? भारतात प्रचलित असलेल्या पद्धतीनुसार दूरचित्रवाणीसाठी सेकंदाला २५ चित्रे म्हणजे फ्रेम लागतात. एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एका ठोक्यात चार आघात वाजवले, तर दोन आघातांमध्ये १२५ मिलिसेकंद, म्हणजे जेमतेम तीन फ्रेमचे अंतर पडते. आवाज तीन फ्रेमनी सरकला की उजवा हात वर जात असताना खाली मारलेला आघात ऐकू येतो. संथ आलापीत हीच चूक कदाचित खपून जाईल. जलद वादनात ती लपत नाही.

ही चूक दोन्ही दिशांना सारखीच खटकत नाही, हे मात्र ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ मधील शिफारशीनुसार आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला, तरी प्रेक्षकाला ते जाणवू लागते. उलट आवाज मागे पडल्यास ही मर्यादा सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत जाते. याचे कारण निसर्गातच आहे. वीज आधी दिसते, गडगडाट नंतर ऐकू येतो. कृतीच्या आधी तिचा आवाज मात्र कोणी कधी ऐकलेला नसतो.

आधी मुद्रित केलेल्या आवाजावर अभिनय करण्याची परंपरा भारताला नवी नाही. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत प्रदर्शित झालेल्या 'आलम आरा'मध्ये गाणी चित्रीकरणाच्या वेळीच मुद्रित झाली होती; परंतु कोलकात्याच्या न्यू थिएटर्सच्या 'धूप छाँव'पासून, म्हणजे १९३५ पासून, पार्श्वगायनाने मूळ धरले. तेव्हापासून आपल्या कलावंतांनी ओठांची हालचाल जुळवण्यात कमालीचे कौशल्य मिळवले. बोटांकडे मात्र कोणी फारसे पाहिले नाही. सूर वर चढत जातो आणि नायकाचा डावा हात गिटारच्या मानेवर एकाच जागी निवांत असतो, असे दृश्य हिंदी चित्रपटांच्या प्रेक्षकाला अनोळखी नाही. पडद्यामागे राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात भूपिंदर सिंग यांच्यासारखे गिटारवादक काय वाजवत होते, हे त्या हातांवरून कधीच कळले नसते.

गिटारच्या बाबतीत ही उपेक्षा अधिक जाणवते, कारण तोच सूर या वाद्यावर अनेक ठिकाणी मिळतो. सर्वांत बारीक तार मोकळी छेडल्यावर निघणारा सूर दुसऱ्या तारेवर पाचव्या, तिसरीवर नवव्या, चौथीवर चौदाव्या आणि पाचवीवर एकोणिसाव्या फ्रेटलाही सापडतो. सूर एकच असला, तरी तारेच्या जाडीनुसार त्याचा पोत बदलतो. त्यामुळे स्टुडिओत चौथ्या तारेवर वाजवलेला तुकडा चित्रीकरणात पहिल्या तारेवर दाखवला, तर सामान्य श्रोत्याला काही वाटणार नाही. गिटार शिकणारा मात्र तत्काळ सावध होतो आणि वादक खरोखर वाजवतो आहे काय, अशी शंका घेऊ लागतो. हा तुकडा अनेक प्रयत्नांतील चांगले अंश जोडून तयार झालेला असेल, तर खुद्द वादकालाही तो सलग कधी वाजवलेला आठवत नाही. उत्स्फूर्त वादनाची तीच गत. अशा वेळी स्वतःचेच वादन ऐकून, कोणता सूर कोणत्या तारेवर घेतला हे पाहून, ते नव्याने बसवणे हाच प्रामाणिक मार्ग होय. एकावर एक अशा दोन गिटार मुद्रित झाल्या असतील, तर एकाच जोडीच्या हातांनी त्या दोन्ही दाखवण्याचा अट्टाहास करू नये.

याहून सोपा उपाय म्हणजे जे वादन मुद्रित होते त्याचेच त्याच वेळी चित्रीकरण करणे. मायक्रोफोन दिसला तर दिसू द्यावा. तो दिसण्यात कमीपणा नाही.

दोन्ही पद्धतींत कॅमेऱ्याचा स्वतःचा आवाज बंद करू नये. तो अंतिम चित्रफितीत वापरायचा नसला, तरी खुणेसाठी अमूल्य ठरतो. ध्वनिमुद्रण लावून वादन करायचे असल्यास ते कॅमेऱ्याला स्पष्ट ऐकू जाईल इतक्या मोठ्याने लावावे आणि आरंभी दोन मात्रांचे तरी ठोके द्यावेत. पुढे संगणकावर दोन्ही आवाजांच्या लहरींची आकृती एकमेकींवर बसवली की चित्र आपोआप जागेवर येते. अनेक संकलनप्रणाली हे काम आता स्वतःच करतात. तरीही आरंभीची एक टाळी लहरींत उंच टोकासारखी आणि चित्रात हात मिटल्याच्या क्षणी दिसते. पडताळणीसाठी तिच्याइतके स्वस्त साधन नाही.

सुरुवात जुळूनही शेवट का चुकतो, हा नवशिक्यांचा नेहमीचा प्रश्न आहे. सेकंदाला २९.९७ फ्रेमने घेतलेले चित्र ३० फ्रेमचे समजून वापरले, तर चार मिनिटांच्या गाण्यात सुमारे पाव सेकंदाची तफावत पडते. अनेक मोबाइल संच प्रकाशानुसार फ्रेमचा वेग मध्येच बदलतात. अशी चित्रफीत संकलनापूर्वी स्थिर वेगात रूपांतरित करून घ्यावी. आवाजाच्या बाजूनेही असाच घोटाळा होतो. सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने, तर व्हिडिओसाठी सहसा ४८,००० नमुने घेतले जातात. पहिल्या प्रकारचा आवाज दुसऱ्या वेगाने वाजवला, तर लय तर वाढतेच, शिवाय सूरही जवळजवळ दीड फ्रेट वर चढतो.

सभागृहात आणखी एक गोष्ट आड येते. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो; म्हणजे रंगमंचापासून ४० मीटरवर ठेवलेल्या कॅमेऱ्यापर्यंत आवाज जवळपास तीन फ्रेम उशिरा पोहोचतो, चित्र मात्र तत्क्षणी टिपले जाते. अशा कॅमेऱ्याच्या आवाजावर विसंबून लहरी जुळवल्या, तर तार छेडलेली आधी दिसते आणि तिचा सूर नंतर येतो. येथे डोळ्यांवर भरवसा ठेवून, आघाताचा क्षण पाहून चित्र तेवढे मागे सरकवावे लागते.

अंतिम तपासणी तारेच्या हेडफोनवर करावी. ब्लूटूथमुळे आवाज बऱ्याचदा १०० ते २०० मिलिसेकंदांनी मागे पडतो आणि काही यंत्रणा त्याची भरपाई करतात, तर काही करत नाहीत. त्यामुळे अचूक जुळलेली चित्रफीत चुकलेली वाटून संकलक तिच्यात नसलेला दोष दुरुस्त करत बसतो.